थंडीला दार लावा, उन्हाला नको!

दिवाळी सरली की आमच्या नागपुरात पहाटेचा वारा बोचू लागतो. डिसेंबर उजाडला की पेटीतल्या गोधड्या आणि स्वेटर बाहेर निघतात. चौकात झाडूवाल्या बहिणी, दूधवाले, रात्रपाळीचे चौकीदार काटक्या-कागद पेटवून हात शेकताना दिसतात. हिवाळा हा खाण्यापिण्याचा, तब्येत कमावण्याचा मोसम, असे म्हटले जाते. ज्याच्या घराला पक्क्या भिंती आणि अंगावर लोकर आहे, त्याच्यापुरते ते खरेही असेल. टिनाच्या घरातली थंडी मात्र वेगळी असते. आणि काही घरांत या दिवसांत अंगाबरोबर माणसाचे मनही गारठते. खोकला झाला तर आपण चारचौघांत सांगतो. मन गारठले तर कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

बंधू-भगिनींनो, या विषयावर लिहायला मी काही डॉक्टर नाही. मी एक कारकून. दिवसभर फायली आणि संध्याकाळी वस्तीतली कामे, एवढाच माझा व्याप. पण जे घडले ते माझ्याच घरात घडले, आणि त्यात चूक माझी होती. म्हणून लिहितो.

मायचा हिवाळा

गोष्ट 2018 सालची. त्या पावसाळ्यात आमचे वडील गेले. माय तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती. नोव्हेंबरपासूनच थंडी चांगली पडू लागली, तशी मला मायची काळजी वाटू लागली. मी तिची खाट पुढच्या खोलीतून उचलून मागच्या खोलीत नेली. त्या खोलीला एकच खिडकी. तिला गोणपाट ठोकले. जेवण खाटेवर, गरम पाणी हातात. "माय, बाहेर पडायचं नाही, थंडी लागंल," असे मी तिला बजावले. रोज सकाळी विहाराच्या ओट्यावर चार बायांसोबत उन्हात बसून लसूण सोलायची, वांगी चिरायची, गप्पा मारायची, ही तिची वर्षानुवर्षांची सवय. तीही मी बंद केली. मुलाचे कर्तव्य आपण पुरेपूर बजावतो आहोत, असे मला वाटत होते.

29 डिसेंबरला नागपूरचे किमान तापमान 3.5 अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. शहरात इतक्या कमी तापमानाची नोंद त्याआधी झालेली नव्हती. मी मनात म्हटले, बरे झाले, मायला आत ठेवले.

पण माय आत ठेवल्यापासून मिटत चालली होती, हे मला दिसत नव्हते. दोन भाकरी खाणारी बाई अर्ध्या भाकरीवर आली. नातवंडे जवळ गेली की भिंतीकडे तोंड करून निजायची. केस विंचरणे सोडले. शेजारी म्हणाले, "वय झालं, असंच होतं." एका नातेवाईकाने हळूच सुचवले, "बाहेरचं काही असंल, कोणाला दाखवून घ्या." माझी पत्नी एकदा म्हणाली, "तुम्ही मायला कोंडून ठेवलं." मला राग आला. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मायने मला विचारले, "आज कोणता वार हाय रे?"

बचत गटाच्या हप्त्याची तारीख जिला तोंडपाठ, ती हे विचारत होती. मी वार सांगितला. ती म्हणाली, "मले तं सारे वार सारखेच वाटते आता. इथं दिसच दिसत नाही, बापा."

आमच्याकडे 'दिस' म्हणजे दिवसही आणि सूर्यही. तिला दोहोंपैकी काय म्हणायचे होते ते मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो.

डॉक्टरांनी काय पाहिले

डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला दिले. मग प्रश्न विचारले. झोप कशी? भूक कशी? कोणाशी बोलता? उन्हात शेवटचे कधी बसलात? या शेवटच्या प्रश्नावर मायने माझ्याकडे पाहिले आणि मी खाली पाहिले.

रक्तात हिमोग्लोबिन कमी निघाले, ड जीवनसत्त्व फारच कमी निघाले. त्यावर वडिलांचे दुःख आणि एकटेपण. डॉक्टरांनी सांगितले की हे औदासीन्य आहे, आजार आहे, आणि बरा होणारा आहे. गोळ्या दिल्या, पुन्हा यायची तारीख दिली, आणि रोज सकाळी उन्हात बसायला, चालायला आणि लोकांत मिसळायला सांगितले.

एक गोष्ट आमच्या बहिणींनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. घरातल्या सगळ्यांपेक्षा आपल्यालाच जास्त थंडी वाजत असेल, थकवा जात नसेल, कशातच जीव लागत नसेल, तर त्यामागे रक्ताची कमतरता किंवा थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावणे हेही कारण असू शकते. साध्या रक्ततपासणीत ते कळते. त्या बाईला 'आळशी' म्हणून मोकळे होण्याआधी तिचे रक्त तपासा.

मन का गारठते?

हिवाळ्यात मन खाली का जाते, याचा शोध शास्त्रज्ञांनी घेतला आहे. 1984 साली अमेरिकेत डॉ. नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दरवर्षी ठराविक ऋतूत येणाऱ्या औदासीन्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यावर प्रखर प्रकाशाचा उपचार करून पाहिला. आपल्या मेंदूत एक घड्याळ असते. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की ते लागते. त्यावर झोप, भूक, उत्साह चालतो. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचे द्रव्य शरीरात वाढते आणि झोप येते. सकाळी पुरेसा उजेड मिळाला नाही तर हे घड्याळ मागे पडते. माणूस दिवसा सुस्त आणि रात्री जागा राहतो.

आमच्या वस्तीतला एक मुलगा शिकायला इंग्लंडात मँचेस्टरला गेला आहे. तो फोनवर सांगतो, "काका, इथं डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो." तिथला डिसेंबरातला सर्वात लहान दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो, आणि तोही बहुधा ढगाळ. म्हणून तिकडे हा आजार जास्त. काही लोक सकाळी 10,000 लक्स प्रकाशाच्या दिव्यासमोर अर्धा तास बसतात. लक्स हे उजेड मोजण्याचे माप आहे.

आता आपला हिशेब मांडून पाहू. नागपुरातला वर्षातला सर्वात लहान दिवससुद्धा सुमारे 10 तास 50 मिनिटांचा. आकाश बहुधा निरभ्र. मोकळ्या उन्हात उजेड 50,000 लक्सच्या वर सहज जातो. नुसत्या अंगणातल्या सावलीतही तो काही हजार असतो. आणि दार लावलेल्या, ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत? शे-दोनशे, फार तर तीनशे. म्हणजे मँचेस्टरचा माणूस जे पैसे मोजून विकत घेतो, ते आपल्या दारात फुकट पडलेले असते. आणि आपण थंडीच्या भीतीने दार लावून त्याच्याकडे पाठ फिरवतो. मायला मागच्या खोलीत ठेवून मी नागपुरात मँचेस्टर तयार केले होते!

नागपूर समुद्रापासून दूर. हवा कोरडी, आकाश स्वच्छ. त्यामुळे रात्री जमिनीतली उष्णता झपाट्याने निघून जाते. टिन तर त्याहून लवकर गार पडते. पण त्याच स्वच्छ आकाशामुळे सूर्य वर आला की बाहेर लवकर तापते. पहाटे 10-12 अंश असलेला पारा दुपारी 28च्या आसपास जातो. म्हणून सकाळी नऊ-दहानंतर आपल्या घरात जेवढे गार असते, त्याहून अंगणात जास्त ऊब असते. आजारी माणसाला, म्हाताऱ्याला, बाळंतिणीला त्या वेळी घरात कोंडण्यात काहीच अर्थ नाही.

सकाळचा उजेड मेंदूच्या घड्याळासाठी. ड जीवनसत्त्वासाठी मात्र ऊन थोडे चढलेले, साधारण दहानंतरचे हवे, आणि ते हातापायांच्या उघड्या कातडीवर पडले पाहिजे. काचेतून आलेल्या उन्हाचा त्यासाठी उपयोग होत नाही. सूर्याकडे टक लावून मात्र कधीही पाहू नये.

बंद दार आणि पेटती शेगडी

दार बंद करण्याचा दुसरा धोका तर थेट जिवावर बेततो. दर हिवाळ्यात कुठे ना कुठे बातमी येते की रात्री खोलीत शेगडी पेटवून कुटुंब झोपले आणि सकाळी कोणी उठले नाही. कोळसा किंवा लाकूड कोंडलेल्या जागी जळताना कार्बन मोनॉक्साईड वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा सुमारे 200 पट अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते, ग्लानी येते. आणि झोपेतल्या माणसाला तर तेवढेही कळत नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरनेही असेच बळी जातात.

म्हणून शेगडी बाहेरच पेटवा, बाहेरच शेका, आणि झोपण्याआधी बाहेरच विझवा. खोलीत निखारे नेऊ नका. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, हवेशीर जागी बसवा. शेकोटीत टायर, प्लास्टिक जाळू नका. तो धूर लेकरांच्या छातीत जातो. कोणी शेगडीच्या खोलीत बेशुद्ध सापडले तर आधी दारे-खिडक्या उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

कमी खर्चात ऊब

मग रात्री थंडीपासून वाचायचे कसे? आमच्या घरात आणि वस्तीत उपयोगी पडलेल्या काही गोष्टी सांगतो.

जमिनीवर झोपणाऱ्याची ऊब वरून जाते त्यापेक्षा खालून जास्त जाते. म्हणून पांघरूण वाढवण्याआधी अंथरूण वाढवा. खाली गोणपाट, त्यावर जुन्या वर्तमानपत्रांचा जाड थर, त्यावर सतरंजी आणि गोधडी.

एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातलेले बरे. त्यांच्या मधल्या हवेने ऊब टिकते. डोके, कान आणि पाय झाका. पहाटे कामावर जाणाऱ्यांनी कानटोपी आणि मोज्यांची एक कोरडी जोडी सोबत ठेवावी. ओले मोजे किंवा ओली बनियन अंगावर ठेवू नये.

टिनाच्या खाली जुन्या चादरीचे छत ताणून बांधा. मात्र चुलीपासून आणि दिव्यापासून दूर. फटी बुजवा, पण हवा यायला-जायला वर एक जागा ठेवा. सकाळी ऊन आले की दारे-खिडक्या सताड उघडा आणि अंथरूण-पांघरूण उन्हात टाका. दिवसभर तापलेली गोधडी रात्री आपले काम करते.

रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी पहाटेच्या थंडीत गार पाण्याने आंघोळ करू नये. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. फिरायला जायचे ते ऊन पडल्यावर. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

खाण्याबद्दल काय सांगावे! हा आपल्याच भागाचा मोसम. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, तुरीच्या ओल्या दाण्यांची सोलेभाजी, मेथी-पालक, वांगे, तीळ, शेंगदाणे, गूळ, बोरे, आवळे, संत्री. बाजारात या दिवसांत हे सगळे त्यातल्या त्यात स्वस्त असते. तहान लागत नाही म्हणून पाणी पिणे सोडू नका.

आणि दारूबद्दल स्पष्टच बोलतो. "थंडीसाठी घोटभर घेतली" हे कारण आपण सर्वांनी ऐकले आहे. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून गरम वाटते. प्रत्यक्षात आतली ऊब त्याच वाटेने बाहेर जाते. प्यायलेला माणूस उघड्यावर पडला तर गारठून मरतो. उदास माणसाचे मन तर दारूने आणखीच खाली जाते. आणि बायको-लेकरांच्या स्वेटरचे पैसे त्यात जातात ते वेगळेच.

हा आळस नाही, हे भूतही नाही

थंडीत उठायला कंटाळा कोणाला येत नाही? तो आजार नव्हे. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास असेल, आवडीच्या गोष्टीत रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, 'मी निरुपयोगी, मी घरावर ओझे' असे वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. वाटते त्यापेक्षा पुरुषांतही हे जास्त असते. फक्त त्यांचे औदासीन्य चिडचिडीच्या किंवा दारूच्या रूपाने बाहेर पडते. आमच्या नागपूरच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा भोंग्यावर उठणारी माणसे एकाएकी घरी बसली. उठण्याचे कारण गेले की माणूस आतून ढासळतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

'जीव द्यावासा वाटतो का?' हा प्रश्न विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट माणसाला बोलायला वाट मिळते. 'हो' म्हटले तर त्याला एकटे सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही फोनसेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा तिचा क्रमांक. कोणत्याही वेळी लावा, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येते. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी व्यवस्थेत मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. तो मागताना लाजू नये.

'कोणाला दाखवून घ्या' म्हणणाऱ्या नातेवाईकाला मी नम्रपणे नाही म्हटले. गंडेदोरे आपल्या मायबापांनी केव्हाच नदीत सोडले. ते आपण पुन्हा गोळा करायचे नाहीत. भूत काढण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आजाऱ्याला मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला प्रत्येक आठवडा त्याच्या आयुष्यातून वजा होतो.

ओट्यावरची जमा

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. हिशेब लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. दवाखान्यातून आल्यावर मी एक वही केली. त्यात चार रकाने आखले: ऊन, जेवण, झोप, बोलणे. मायची खाट पुन्हा पुढच्या खोलीत आणली, खिडकीचे गोणपाट काढले. सकाळी नऊ वाजता मी तिला हात धरून विहाराच्या ओट्यावर नेऊन बसवायचो आणि मग ऑफिसला जायचो.

पहिले चार-पाच दिवस ती नुसती बसून राहिली. बाया बोलायच्या, ती ऐकायची. सहाव्या दिवशी शेजारच्या आजीने तिच्यापुढे तुरीच्या शेंगांचे सूप सरकवले आणि म्हणाली, "बसली हायस तं सोल ना वं." मायने शेंगा सोलायला घेतल्या. त्या रात्री वहीत 'जेवण' या रकान्यात एक भाकर लिहिली. गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागले. तोवर ओट्याने तिला धरून ठेवले. ज्या दिवशी ढग आले किंवा ती ओट्यावर गेली नाही, त्या दिवशीचे रकाने रिकामे राहत. हे काही शास्त्रीय संशोधन नव्हे, एका मुलाची वही आहे. पण मला त्यातून जे समजायचे ते समजले. पत्नीची मी माफी मागितली. तिने जे महिनाभर आधी पाहिले होते, ते मला रकाने आखल्यावर दिसले.

आता दर हिवाळ्यात आमच्या वस्तीत एक साधा रिवाज आम्ही पाडला आहे. कोणी म्हातारे माणूस, कोणी नुकतीच एकटी पडलेली बाई, कोणी काम सुटलेला भाऊ दोन दिवस ओट्यावर दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या दारात जाऊन "जयभीम" म्हणते आणि त्याला बाहेर उन्हात घेऊन येते. याला वर्गणी लागत नाही, ठराव लागत नाही, माईक लागत नाही. तुमच्याही वस्तीत हे करता येईल. येत्या रविवारपासूनच सुरुवात करा. आपल्या ओळीतली घरे डोळ्यांपुढे आणा. कोणते दार या थंडीत जास्तच दिवस बंद आहे?

माय आता पंचाहत्तरीकडे चालली आहे. परवा सकाळी मी स्वेटर शोधत उशीर करत होतो, तर पिशवीत लसूण भरून ती दारात उभी. म्हणाली, "तू ये मागून. दिस वर आला."